तापवलेल्या खोलीतला योग आणि कोकणातला मे महिना

मे महिन्यात माझी भाची मुंबईहून आठ दिवस राहायला आली. दुपारची जेवणं आटोपून आम्ही पडवीत बसलो होतो. वारा पडलेला होता, माडाची पातही हलत नव्हती. पायरीचा आंबा माचवता माचवता ती म्हणाली, "मावशी, आमच्या घराजवळ हॉट योगाचा क्लास निघालाय. चाळीस डिग्रीच्या खोलीत आसनं करतात. मी एकदा जाऊन आले. पुन्हा जाऊ का?"

"कसं वाटलं तुला?"

"पहिला अर्धा तास छान. मग डोकं ठणकायला लागलं. उष्ट्रासन करून वर आले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मळमळलं. तिथल्या बाई म्हणाल्या, शरीरातली घाण बाहेर पडतेय, थांबू नको."

रत्नागिरीत मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून सकाळचा योगवर्ग घेते. त्या बाईंचं "थांबू नको" मला दिवसभर टोचत राहिलं. भाचीला झाला तो उन्हाचा त्रासच होता, फक्त तो चार भिंतींच्या आत झाला. तिला जे समजावून सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असा क्लास लावावा का हे विचारणारे आता आपल्या किनारपट्टीवरही भेटतात. आणि या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच हवेत आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. मूळ कोलकात्याच्या बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत लोकप्रिय केली. परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ बिष्णुचरण घोष हे त्यांचे गुरू. ठरलेली २६ आसनं, दोन श्वसनक्रिया, दीड तासाचा वर्ग, आणि खोलीचं तापमान १०५ फॅरनहाइट म्हणजे साडेचाळीस अंश सेल्सियस, आर्द्रता ४० टक्के. हा क्रम आपल्याच मालकीचा आहे असा दावा चौधरी करत. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट लागू होत नाही. त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराच्या गंभीर तक्रारीही झाल्या, आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ज्युरीने एका खटल्यात त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. आता बहुतेक ठिकाणी त्यांचं नाव न घेता नुसतं 'हॉट योग' म्हणतात. खोली कुठे ३५ अंशांची असते, कुठे ४० ची, आणि आसनंही क्लासप्रमाणे बदलतात. आपल्या परंपरेत खोली तापवून आसनं करण्याची पद्धत नव्हती. ही शक्कल त्या मानाने नवी आहे.

अंगातली उष्णता जाते कुठे

स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकी सगळी उष्णता होते. म्हणून जिना चढलं की अंग तापतं. बिक्रम पद्धतीच्या दीड तासाच्या वर्गात स्त्रियांची सरासरी ३३० च्या आसपास किलोकॅलरी खर्च होते असं मोजलं गेलं आहे, पुरुषांची ४६० च्या आसपास. आता एक साधा हिशोब करू. ५५ किलो वजनाच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण ४५ किलोकॅलरी पुरतात. ३३० किलोकॅलरीतली बहुतेक उष्णता अंगातच साठली तर तापमान पाच-सहा अंशांनी वर जाईल. माणूस ३७ वर जगतो आणि ४० ला त्याचा जीव धोक्यात येतो. याचा अर्थ तयार होणारी उष्णता शरीराला सतत बाहेर टाकत राहावं लागतं, आणि आपण आसन करत असतो तेव्हा शरीराचं मुख्य काम तेच चाललेलं असतं.

थंड हवेत हे सोपं असतं. त्वचा गरम, हवा गार, उष्णता आपोआप निघून जाते. उकाड्यात त्वचेचं तापमान ३५ च्या आसपास असतं. खोली चाळीसची असेल तर उष्णता उलटी आत यायला लागते, भातुकलीच्या चुलीजवळ बसलेल्या मुलासारखी हलकीशी नव्हे, तर चांगली जाणवेल इतकी. मग उष्णता बाहेर जायला एकच वाट उरते. घाम.

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. घाम येण्याने अंग गार होत नाही, घाम वाळण्याने होतं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून मॅटवर ठिबकला तर काहीच घेऊन जात नाही, फक्त आपलं पाणी आणि मीठ जातं. "मॅट चिंब झाली, म्हणजे आज व्यायाम जोरात झाला" असं लोक अभिमानाने सांगतात. चिंब मॅट सांगते एवढंच, की तितका घाम अंगावर वाळू शकला नाही.

हे आपल्या घरात रोज दिसतं. सोलापूरला माझी नणंद राहते. तिच्याकडे एप्रिलमध्ये माठातलं पाणी दातांना लागेल इतकं गार असतं. तोच माठ मी रत्नागिरीत आणून ठेवला, पाणी जरा थंड झालं इतकंच. माठात दोष नव्हता. माठ गार होतो तो बाहेर पाझरलेलं पाणी वाळल्यामुळे, आणि आपल्याकडची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिला आणखी पाणी नको असतं. माणूसही या बाबतीत माठच आहे.

दोन थर्मामीटर आणि मलमलीची चिंधी

भाचीला हे पटावं म्हणून मी कपाटातून प्रयोगाचे दोन थर्मामीटर काढले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळली, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं आणि दोन्ही पडवीच्या खांबाला सावलीत बांधले. वेधशाळेतल्या पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत असतात तसे हे कोरडा आणि ओला थर्मामीटर. हातपंख्याने तिला पाच मिनिटं वारा घालायला लावला. चिंधीतलं पाणी वाळू लागलं, तसा ओला पारा खाली सरकत गेला आणि एका जागी थांबला.

कोरडा ३३. ओला २८.

ओल्याचा आकडा म्हणजे त्या हवेत घाम वाळून एखादी वस्तू जास्तीत जास्त किती गार होऊ शकते त्याची सीमा. आता क्लासची खोली घ्या. साडेचाळीस अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर तिथे ओला थर्मामीटर दाखवेल सुमारे २८.

भाची म्हणाली, "म्हणजे फरक जवळजवळ नाहीच?"

हो, जवळजवळ नाहीच. आणखी एक आकडा तर तिला खराच वाटेना. त्या दुपारी आमच्या पडवीतल्या एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ होती. तापवलेल्या खोलीत ती येते सुमारे २१ ग्रॅम. कागदावर पाहिलं तर कोकणातल्या मेमधली दुपार त्या खोलीपेक्षा दमट आहे. खोलीची ४० टक्के आर्द्रता कमी वाटते, कारण टक्केवारी ही त्या तापमानाच्या हवेत किती वाफ मावू शकते त्याच्या तुलनेत असते आणि गरम हवेत पुष्कळ मावते. आपल्या किनाऱ्यावर तापमान ३३-३४ च्या वर फारसं जात नाही, म्हणून देशावरचे पाहुणे म्हणतात, "तुमच्याकडे ऊन कुठे आहे?" आणि दुपारपर्यंत गळून जातात.

दोन्ही ठिकाणं अगदी सारखी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. खोलीतली हवा त्वचेपेक्षा पाच अंशांनी गरम, ती अंगात उष्णता घालते. आपली ३३ ची हवा निदान घालत तरी नाही. म्हणून खोली जास्त कठीणच. शिवाय दारं-खिडक्या बंद, वारा नाही आणि दीड तास सलग. पण जो गरम, दमट ताण लोक मुंबई-पुण्यात पैसे भरून विकत घेतात, त्यातला मोठा भाग आपल्याला मार्च ते जून फुकट मिळतो, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा मिळतो. म्हणूनच हॉट योगाच्या बाबतीत जी काळजी घ्यायला सांगतात ती वेंगुर्ल्यातल्या, गुहागरातल्या, अलिबागच्या साध्या योगवर्गालाही लागू आहे. हीटर नसला तरी.

पंख्याचंही इथेच सांगते. आसनं करताना पंखा लावू नये असं पुष्कळ जण सांगतात, घाम अंगात जिरतो आणि सर्दी होते म्हणून. कोरड्या, गार हवेत त्यांचं मी ऐकेन. कोकणातल्या मे महिन्यात नाही. अंगालगतचा वाफेने भरलेला थर वाऱ्याने हलला तरच घाम वाळतो. माझ्या वर्गात मार्चपासून पंखे चालू असतात, आणि शवासनाच्या वेळी ज्याला नको असेल तो अंगावर पंचा घेतो.

अंधारी का येते

उष्णता बाहेर टाकायची तर रक्त त्वचेकडे न्यावं लागतं. त्वचेतल्या नसा फुलतात, बरंच रक्त तिकडे जातं. त्याच वेळी स्नायूंनाही रक्त हवं असतं. घामातून पाणी गेल्याने एकूण रक्ताचा द्रवही कमी होत असतो. थोडक्यात, मागणी वाढते आणि साठा घटतो. हृदय जोरात पळून वेळ मारून नेतं, म्हणून गरम खोलीत साधं वृक्षासन करतानाही नाडी धावते. अशात माणूस वाकलेल्या किंवा मागे झुकलेल्या स्थितीतून झटकन वर आला की रक्त पायांत आणि त्वचेत राहतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं. भाचीला उष्ट्रासनातून वर येताना अंधारी आली ती यामुळे. त्यात घाण बाहेर पडण्याचा काही संबंध नाही. घामात पाणी आणि मीठच मुख्य असतं, रक्त गाळण्याचं काम मूत्रपिंड आणि यकृत करतात, आणि अंगातलं पाणी घटलं की मूत्रपिंडांचं काम उलट अवघड होतं.

अमेरिकेतल्या 'अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज' या संस्थेने २०१५ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. २० निरोगी स्त्री-पुरुषांनी गिळता येणारा तापमापक घेऊन बिक्रम वर्ग केला. त्यात पुरुषांचं आतलं तापमान सरासरी १०३.२ फॅरनहाइटपर्यंत गेलं, स्त्रियांचं १०२ पर्यंत, आणि एका पुरुषाचं १०४.१ वर. १०४ म्हणजे ४० सेल्सियस. तिथून उष्माघाताची हद्द सुरू होते. त्या माणसाला काही झालं नाही, पण अंतर किती थोडं होतं ते पाहा. घरात कुणाला १०३ ताप आला तर आपण कपाळावर पट्ट्या ठेवतो, त्याला पादहस्तासन करायला लावत नाही.

मग फायदा काहीच नाही का? आहे. शक्ती, तोल, लवचिकता यांत फरक पडल्याचे अभ्यास आहेत. २०२३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या लोकांवर आठ आठवडे प्रयोग केला, त्यात गरम खोलीतला योग करणाऱ्यांची लक्षणं चांगलीच कमी झाली. मात्र त्यांची तुलना काहीच न करणाऱ्यांशी होती, त्यामुळे गुण उष्णतेचा की योगाचा हे त्यातून कळत नाही. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत तो प्रश्न थेट विचारला गेला आहे. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने साडेचाळीस अंशांत आणि दुसऱ्याने २३ अंशांत बारा आठवडे तीच आसनं केली. रक्तवाहिन्यांची फुलण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली. गुण आसनांचा निघाला.

वजनाचं म्हणाल तर वर्गानंतर काट्यावर जे किलोभर कमी दिसतं ते पाणी असतं. संध्याकाळपर्यंत ते परत येतं, आणि यायलाच हवं.

भिजलेली झावळी

नवशिक्यांना गरम खोली सगळ्यात जास्त आवडते ती एका कारणाने. पहिल्याच दिवशी हात पायांच्या अंगठ्याला लागतो. घरी सहा महिने जे जमत नव्हतं ते तिथे जमतं. उष्णतेने स्नायू खरंच सैल होतात, आणि ताणाची वेदनाही कमी जाणवते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

आमच्या आवारात पावसाआधी झापं विणतात. झावळी आधी पाण्यात भिजत टाकतात. भिजलेली पात हवी तशी वळते, म्हणून विणणारी बाई पटपट हात चालवते. पण तिच्या बोटांना माहीत असतं की पात कुठवर वळवायची. नव्या मुलीला बसवलं की भिजलेली पात इतक्या सहज वळते म्हणून ती जास्तच मुडपते, आणि शिरेवर बारीक चीर जाते. तेव्हा ती दिसत नाही. झाप वाळल्यावर नेमकं तिथे फाटतं.

मांडीच्या मागच्या स्नायूंचं तसंच होतं. जिथे ते बसण्याच्या हाडाला चिकटतात तिथला कंडरा आणि सांध्यांभोवतीचे अस्थिबंध स्नायूंइतके लवचिक नसतात, आणि एकदा ताणले गेले की लवकर पूर्वपदावर येत नाहीत. थंड अंगाने वाकताना जी कळ 'इथे थांब' म्हणून सांगते ती गरम अंगात उशिरा येते. नवशिक्याला आपल्या शरीराची हद्द अजून ठाऊक नसते, त्याला ती कळच शिकवत असते. म्हणून माझा आग्रह असा की पहिले चार-सहा महिने साध्या हवेत करा. तिथे आसन जिथवर जातं ती तुमची खरी जागा. पुढे कधी गरम खोलीत गेलात तर त्या जागेच्या जरा अलीकडेच थांबा. सांधे मुळातच फार सैल असणाऱ्यांनी तर नक्की.

मीठ विसरू नका

एका लिटर घामातून सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, कुणाचं बरंच कमी, कुणाचं दुप्पट. घाम वाळल्यावर काळ्या कपड्यावर पांढरे वळ दिसतात ते हेच. नुसतं साधं पाणी भराभर पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि फार झालं तर जिवावर बेततं. याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच असल्याने माणूस आणखी पाणी पितो.

आपल्याकडे यावर उत्तम उपाय घरात आहेत. उकड्या तांदळाची पेज, वर मीठ आणि लोणच्याचा खार. पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही एका वाडग्यात. कोकमाचं आगळ मिठातलं असतं, ते पाण्यात घालून थोडी साखर टाकली की झालं. बाजारातलं गोड अमृत कोकम घेतलंत तर चिमूटभर मीठ वरून घाला. मीठ घातलेलं ताकही चालेल. शहाळ्याबद्दल मात्र एक गैरसमज आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. शहाळं जरूर प्या, पण घामाची भरपाई एकट्या शहाळ्यावर सोडू नका. फार घाम गेला असेल तर जलसंजीवनी: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. ज्यांना रक्तदाबामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

किती गेलं ते कळण्याची सोपी रीत: वर्गाआधी आणि नंतर अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करा. मधे प्यायलेलं पाणी हिशोबात धरा. जितके किलो कमी, तितके लिटर घाम. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे ५५ किलोच्या बाईला एक किलोहून जास्त, तर पुढच्या वेळी वर्ग लहान करा.

सवय कुणाला असते

"आपण कोकणातले, आपल्याला उकाड्याची सवय" हे मी रोज ऐकते. सवय जन्माने येत नाही. रोज तासभर उष्णतेत काम केलं तर एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो आणि तेवढ्याच कामाला नाडी कमी पळते. सोडून दिलं तर काही आठवड्यांत ही तयारी निघून जाते. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याला ही सवय असते. दिवसभर एसीत बसणाऱ्या माझ्या भाचीला नसते, जरी तिच्या खिडकीतून समुद्र दिसत असला तरी. म्हणून पहिल्याच दिवशी दीड तास करणं चूक. पहिल्या वेळी वीस मिनिटं, मग अर्धा तास, असं दोन आठवड्यांत वाढवावं.

काही लोकांनी मुळीच जाऊ नये. गरोदर बायकांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कारण आईचं तापमान फार चढणं बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला घातक ठरू शकतं. हृदयविकार असलेल्यांनी, ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्यांनी, आदल्या रात्री दारू घेतलेल्यांनी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. औषधांकडे तर कुणी लक्षच देत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी कमी करतात, बीटा ब्लॉकर हृदयाला वेग घेऊ देत नाहीत, सर्दीच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी घाम कमी येतो, आणि लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी घटलं की औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. वर्ग घेणाऱ्याने हे विचारलंच पाहिजे. न विचारता गरम खोलीत घेणारा वर्ग मला बेजबाबदार वाटतो.

मी हे इतक्या जोराने लिहिते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मेच्या शेवटी माझ्याच वर्गात वीज गेली. शेजारी लग्नाचा कर्णा चालू होता म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. पंचेचाळीस-पन्नासच्या एक बाई पुढच्या रांगेत होत्या, नेहमी नेमक्या आसन करणाऱ्या. मी "उजवा पाय" म्हटलं, त्यांनी डावा घेतला. पुन्हा सांगितलं, पुन्हा डावा. मला वाटलं लक्ष नाही. मग त्या मॅट गुंडाळायला लागल्या, तीही आडवी, आणि "घरी दूध उतू जाईल" म्हणाल्या. तेव्हा मी जागी झाले. हाताला त्यांचं अंग भाजत होतं. दोघींनी धरून त्यांना मागच्या न्हाणीत नेलं, अंगावर कळशीने पाणी ओतलं, ओल्या पंच्याने वारा घातला. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "मी इथे कशी आले?" ती चूक माझी होती. दुसऱ्यांदा डावा पाय पुढे आला तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, उकाड्यात अंगावर काटा येणं, या खुणा दिसल्या की बाहेर या, आडवे व्हा, पाय उंच ठेवा, मीठसाखरेचं पाणी घोट घोट घ्या. बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ दिसला तर तो उष्माघात समजा. अशा वेळी आधी अंग थंड करा: पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. दवाखान्यात नेण्याच्या घाईत थंड करणं मागे पडू देऊ नका.

घेरंडसंहितेत योगाला आरंभ वसंतात किंवा शरदात करावा असं सांगितलं आहे. ग्रीष्म, वर्षा, हेमंत आणि शिशिर यांत सुरुवात केली तर योगच रोग देतो असंही म्हटलं आहे. फार गरम, फार गार, फार ओलं असताना नव्याने सुरू करू नये, हा त्यातला विचार मला पटतो. आपल्या किनाऱ्यापुरतं मी त्यात थोडा बदल करते. आपल्याकडे थंडी बोचरी नसते, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ नवशिक्याला मोकळा. मे महिन्यातच सुरुवात करायची असेल तर पहाटे सहाला, पंख्याखाली किंवा अंगणात, अर्धा तास, आणि सूर्यनमस्कार मोजण्याची स्पर्धा नको. पहाटे हवा दमट असते, पण पंचवीस-सव्वीस अंशांवर असते, अंगातली उष्णता घामावाचूनही बरीचशी निघून जाते.

भाची परत जाताना दोन्ही थर्मामीटर आणि मलमलीची चिंधी आंब्याच्या पेटीत पेंढ्यात खोचून घेऊन गेली. क्लासचे पैसे भरलेले होते, तिला एकदा बघायचंच होतं. पुढच्या रविवारी फोन आला.

"मावशी, त्यांनी ४० टक्के आर्द्रता लिहिलीय ना? मी अर्ध्या तासाने पाहिलं. कोरडा ३९, ओला ३१."

मी कागदावर हिशोब केला. ५५ टक्क्यांच्या वर आर्द्रता. बंद खोलीत वीस माणसं अर्धा तास घाम आणि श्वास सोडत होती, हवेत ती वाफ जमली होती. वर्ग सुरू होताना जी खोली होती ती आता राहिली नव्हती.

"तू काय केलंस?"

"मॅट दाराशीच घातली होती. पस्तीस मिनिटांनी बाहेर येऊन पायरीवर बसले. बाईंना ओला थर्मामीटर दाखवला. त्या म्हणाल्या, उद्यापासून मधे दहा मिनिटं दार उघडं ठेवते."